लक्ष्मीनारायणपुरम अनंतकृष्णन रामदास

लक्ष्मीनारायणपुरम अनंतकृष्णन रामदास (इ.स. १९०० – इ.स. १९७९) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व हवामानशास्त्रज्ञ होते. एल.ए. रामदास या नावाने ते अधिक परिचित आहेत. भारतातील कृषी हवामानशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. त्यांच्या संशोधनाचा मोठा भाग पुण्यात झाला. निरभ्र व निवांत रात्री उघड्या जमिनीवरील सर्वांत थंड हवा जमिनीला टेकून नसते, ती जमिनीपासून काही सेंटिमीटर ते अर्धा मीटर उंचीवर असते, हे त्यांनी इ.स. १९३२ मध्ये दाखवून दिले. हवेच्या या थंड थराला रामदास स्तर असे नाव मिळाले. दव, तुहिन (गोठलेले दव, हिमकण) आणि थंडीमुळे होणारे पिकांचे नुकसान समजून घेण्यासाठी हा शोध महत्त्वाचा ठरला. तो सर्वमान्य होण्यास मात्र अनेक वर्षे लागली.

नाव व नामसाम्य

रामदास स्तर हे नाव महाराष्ट्रात प्रथमच ऐकणाऱ्यास समर्थ रामदासांची आठवण होणे स्वाभाविक आहे. रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यातील शिवथरघळ दासबोधाच्या लेखनाशी जोडली जाते आणि त्या परिसरात रामदास हे नाव सतराव्या शतकातील संतकवींचेच मानले जाते. हवामानशास्त्रातील रामदास स्तराचा समर्थांशी काहीही संबंध नाही. हे नाव विसाव्या शतकातील शास्त्रज्ञ एल.ए. रामदास यांच्यावरून पडले आहे. दक्षिण भारतीय प्रथेनुसार त्यांच्या नावात आधी गावाचे नाव, नंतर वडिलांचे नाव आणि शेवटी स्वतःचे नाव येते. त्यामुळे रामदास हे त्यांचे आडनाव नसून व्यक्तिनाम आहे.

सुरुवातीचे जीवन व शिक्षण

रामदास यांचा जन्म आजच्या केरळ राज्यातील पालघाट (पालक्काड) येथे झाला. भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतल्यानंतर ते कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागले. प्रकाशाचे विकिरण हा त्या काळी रामन यांच्या प्रयोगशाळेतील मुख्य विषय होता. द्रवाच्या पृष्ठभागावरून प्रकाश कसा विखुरतो, यावर रामन व रामदास यांनी मिळून शोधनिबंध प्रसिद्ध केले. इ.स. १९२८ मध्ये रामन परिणामाचा शोध लागल्यावर रामदास यांनी त्याच वर्षी ईथरच्या बाष्पामध्ये त्या परिणामाचा अभ्यास केला.

या प्रशिक्षणाचा ठसा त्यांच्या पुढील कामावर दिसतो. दोन माध्यमांच्या सीमेवरील अतिशय पातळ थरात काय घडते, हा पृष्ठभागावरील विकिरणाच्या संशोधनातला प्रश्न होता. पुढे रामदास यांनी जमीन आणि हवा यांच्या सीमेविषयी हाच प्रश्न विचारला.

पुण्यातील कृषी हवामानशास्त्र विभाग

भारतीय शेतीच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या शाही कृषी आयोगाने इ.स. १९२८ मध्ये आपला अहवाल दिला. हवामान व पिके यांच्या संबंधाचा पद्धतशीर अभ्यास व्हावा, हा विचार त्यानंतर पुढे आला. भारतीय हवामानशास्त्र विभागाचे मुख्यालय त्याच वर्षी सिमल्याहून पुण्यास हलवण्यात आले होते. इ.स. १९३२ मध्ये पुण्यात कृषी हवामानशास्त्राची स्वतंत्र शाखा सुरू झाली आणि तिची जबाबदारी रामदास यांच्याकडे आली.

नेहमीच्या वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, स्टीव्हन्सन पेटीत ठेवलेले असतात. हवामानाचा अंदाज वर्तवण्यासाठी ही उंची सोयीची आहे. ऊन, वारा व पाऊस यांचा थेट परिणाम टळतो आणि दोन गावांच्या नोंदींची तुलना करता येते. परंतु ज्वारीचे रोप, हरभऱ्याचे घाटे किंवा भाजीचे वाफे त्या उंचीवर नसतात. पिकाचे आयुष्य मातीच्या वरच्या थरात आणि तिच्यालगतच्या एक-दोन मीटर हवेत जाते. रामदास यांनी नेमका हाच पट्टा अभ्यासासाठी निवडला.

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाच्या परिसरात मध्यवर्ती कृषी हवामान वेधशाळा उभी राहिली. तेथे मातीच्या निरनिराळ्या खोलीवरील तापमान, मातीतील ओलावा, बाष्पीभवन, दव आणि उभ्या पिकातील हवेचे तापमान व आर्द्रता यांच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. आर.जे. कलमकर व के.एम. गद्रे यांच्यासह रामदास यांनी इ.स. १९३४ मध्ये सूक्ष्महवामानावरील अभ्यास प्रसिद्ध केला. शेताच्या बाहेरचे आणि उभ्या पिकाच्या आतले हवामान वेगळे असते, ही गोष्ट त्यातून आकड्यांनिशी मांडली गेली.

मातीचे गुणधर्म आणि रात्रीचा गारठा

रामदास यांच्या कामाचे महत्त्व कळण्यासाठी जमीन रात्री कशी थंड होते, हे पाहावे लागते. सूर्यास्तानंतरही जमीन उष्णता बाहेर टाकत राहते. १० अंश सेल्सियस तापमानाची जमीन दर चौरस मीटरमागे सुमारे ३६० वॅट इतकी ऊर्जा अवरक्त प्रारणाच्या रूपाने वर पाठवते. हवेतील बाष्प व कार्बन डायऑक्साइड यांच्याकडून त्यातील मोठा भाग परत मिळतो, परंतु निरभ्र व कोरड्या रात्री साधारण ६० ते १०० वॅटची तूट राहते. ढग असल्यास ही तूट पुष्कळ कमी होते. जमिनीच्या या प्रारणामुळेच दव पडते, हे विल्यम चार्ल्स वेल्स यांनी इ.स. १८१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले होते.

ही तूट भरून काढण्यासाठी खालच्या थरांतील उष्णता वर यावी लागते. ती किती वेगाने येईल आणि मुळात किती साठलेली असेल, हे मातीच्या गुणधर्मांवर ठरते. माती म्हणजे खनिज कण, पाणी आणि हवा यांचे मिश्रण होय. पाण्याची उष्णता साठवण्याची क्षमता दर घनमीटरमागे खनिज कणांच्या सुमारे दुप्पट असते, तर हवेची त्या मानाने नगण्य असते. उष्णता वाहून नेण्यातही हाच क्रम दिसतो. स्थिर हवेपेक्षा पाणी वीसपटींहून अधिक चांगले उष्णतावाहक आहे आणि गारगोटीचे (क्वार्ट्झचे) कण पाण्यापेक्षाही कितीतरी सरस आहेत.

या साध्या गोष्टींतून पुढील निष्कर्ष निघतात.

ओली व दबलेली माती दिवसा अधिक उष्णता साठवते आणि रात्री ती सहज वर पोहोचवते. अशा जमिनीचा पृष्ठभाग हळूहळू थंड होतो आणि तेथे तुहिन कमी पडते.

कोरडी, नुकतीच नांगरलेली, भुसभुशीत माती हवेच्या पोकळ्यांमुळे निरोधकासारखी वागते. खालची उष्णता खालीच अडकते, पृष्ठभाग झपाट्याने थंड होतो आणि तुहिनाचा धोका वाढतो.

सेंद्रिय द्रव्याने भरलेली हलकी माती कोरडी असताना सर्वांत वाईट उष्णतावाहक ठरते. त्यामुळे तिच्यावर तुहिन लवकर जमते.

गवत, पाचट किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन मातीला ऊबदार ठेवते, पण आच्छादनाचा वरचा भाग मात्र उघड्या मातीपेक्षा अधिक थंड होतो. म्हणून शेजारची मोकळी पायवाट कोरडी असताना गवतावर हिमकण दिसू शकतात.

पृष्ठभागाचा रंग मुख्यतः दिवसा परिणाम करतो. काळी माती अधिक ऊन शोषते आणि पांढरट माती ते परतवते. रात्री मात्र बहुतेक सर्व मृदा जवळपास सारख्याच प्रमाणात उष्णता उत्सर्जित करतात. रात्रीचा फरक रंगापेक्षा दिवसा साठलेल्या उष्णतेतून, ओलाव्यातून आणि घट्टपणातून येतो.

पुण्यातील मृदा-प्रयोग

दख्खनच्या पठारावरील काळी कापसाची जमीन रामदास यांच्या वेधशाळेच्या दारातच होती. आर.के. द्रविड यांच्यासह त्यांनी इ.स. १९३६ मध्ये मातीचे तापमान आणि सूर्यापासून मिळणाऱ्या उष्णतेची वाटणी यांविषयी निबंध प्रसिद्ध केला. मिळालेल्या उष्णतेपैकी किती परावर्तित होते, किती हवेला जाते, किती पाण्याच्या बाष्पीभवनात खर्ची पडते आणि किती मातीत उतरते, याचा हिशेब मांडण्याचा हा प्रयत्न होता. काळ्या जमिनीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरला तर दुपारी पृष्ठभाग आणि खालची मातीही लक्षणीय प्रमाणात थंड राहते, हे या प्रयोगमालेतून दिसून आले. जमिनीच्या केवळ वरच्या पापुद्र्यात बदल केल्याने खोलवरचे तापमान बदलते, ही गोष्ट शेतीच्या दृष्टीने उपयोगी होती.

एम.एस. कट्टी यांच्यासह इ.स. १९३४ मध्ये केलेला अभ्यास मातीतील ओलाव्याविषयी होता. पावसाळा संपल्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत काळ्या मातीचा वरचा थर दिवसा ओलावा गमावतो आणि रात्री हवेतील बाष्प पुन्हा शोषून घेतो, असे त्यात आढळले. ही देवघेव दव पडण्याहून वेगळी आहे. दव पडण्यासाठी पृष्ठभाग दवबिंदूपर्यंत थंड व्हावा लागतो. चिकणमातीने युक्त काळी माती मात्र त्याआधीच बाष्प ओढून घेऊ लागते.

के.आर. रामनाथन यांच्यासह रामदास यांनी इ.स. १९३५ मध्ये वातावरणीय प्रारणाचे आंगस्ट्रॉम यांचे सूत्र सैद्धांतिक पायावर मांडले आणि जमिनीलगतच्या हवेच्या रात्रीच्या थंड होण्याची चर्चा केली. दिवसा तापलेल्या जमिनीवर हवेचे तापमान किती वेगाने घटते, याचाही त्यांनी स्वतंत्रपणे अभ्यास केला. तापलेल्या पृष्ठभागालगतच्या मिलिमीटरभर हवेतील तापमान मोजण्यासाठी त्यांनी एम.के. परांजपे यांच्याबरोबर प्रकाशाच्या व्यतिकरणावर आधारित पद्धत वापरली. तापमापकाचा फुगा स्वतःच थराहून मोठा असल्यामुळे अशा ठिकाणी निरुपयोगी ठरतो. प्रकाशकिरण मात्र हवेला न ढवळता तिच्यातून जातो.

रामदास स्तराचा शोध

त्या काळच्या पाठ्यपुस्तकांनुसार निरभ्र रात्री तापमानाची मांडणी सरळ होती. जमीन प्रारणाने थंड होते, तिला लागून असलेली हवा तिच्यामुळे थंड होते आणि जसजसे वर जावे तसतशी हवा उबदार होत जाते. यालाच तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. त्यानुसार सर्वांत कमी तापमान जमिनीच्या पृष्ठभागावरच असायला हवे.

रामदास व एस. आत्मनाथन यांनी जमिनीलगत निरनिराळ्या उंचीवर रात्री तापमान मोजले. त्यांना उघड्या जमिनीवर वेगळेच चित्र दिसले. पृष्ठभागापासून वर जाताना तापमान आधी कमी होत होते, काही उंचीवर किमान पातळी गाठत होते आणि त्यानंतर वाढत होते. हे किमान तापमान पृष्ठभागापेक्षा काही अंशांनीही कमी असू शकत होते. पुणे व आग्रा यांसह भारतातील निरनिराळ्या ठिकाणी अशी निरीक्षणे झाली. त्यांचा संक्षिप्त निबंध इ.स. १९३२ मध्ये जर्मनीतील गेरलांड्स बायट्रेगे त्सुर गेओफिझीक या भूभौतिकीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

हा स्तर सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात तयार होतो आणि परिस्थिती अनुकूल असल्यास पहाटेपर्यंत टिकतो. त्यासाठी आकाश निरभ्र आणि हवा जवळजवळ स्थिर असावी लागते. वाऱ्याची झुळूक आली की तो विस्कटतो आणि वारा थांबल्यावर पुन्हा तयार होतो. तापमान गोठणबिंदूपर्यंत उतरणे त्यासाठी आवश्यक नाही. गवताळ जमिनीवर मात्र सर्वांत कमी तापमान सहसा गवताच्या शेंड्यांपाशी आढळते.

शंका आणि स्वीकार

या निष्कर्षावर संशय घेण्यास सबळ कारणे होती. जमीन वरच्या हवेपेक्षा उबदार असेल तर तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर जाईल, थंड हवा खाली येईल आणि दोन्ही मिसळून हा स्तर काही क्षणांत नाहीसा होईल, असा भौतिकशास्त्राचा साधा नियम सांगतो. शिवाय हवेपेक्षा जमीन कितीतरी प्रभावीपणे उष्णता उत्सर्जित करते. मग हवा तिच्याहून थंड कशी होईल? तापमापकच आकाशाकडे उष्णता टाकून थंड होत असावेत आणि म्हणून नोंदी चुकीच्या असाव्यात, अशी एक शक्यता होती. शेजारच्या सखल किंवा गवताळ भागातून थंड हवा वाहत येऊन उघड्या जमिनीवर पसरत असावी, ही दुसरी शक्यता होती.

पुढील दोन दशकांत या शोधाकडे बऱ्याच अंशी मोजमापातील त्रुटी म्हणून पाहिले गेले. रामदास यांनी निरीक्षणे चालू ठेवली आणि आपले निष्कर्ष वेळोवेळी मांडले. इ.स. १९५० च्या दशकात परिस्थिती बदलू लागली. इ.स. १९५६ मध्ये इंग्लंडमधील लेक यांनी उघड्या जमिनीवरील निरभ्र रात्रींच्या तापमानाचा अभ्यास प्रसिद्ध केला. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस राश्के यांनी पुण्यातच काळजीपूर्वक मोजमापे केली आणि इ.स. १९५७ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपकरणाच्या प्रारणामुळे होणारी चूक टाळूनही जमिनीच्या वरचे किमान तापमान कायम राहते, हे त्यांतून स्पष्ट झाले. इ.स. १९७० मध्ये टिमोथी ओके यांनी कॅनडात अशीच निरीक्षणे नोंदवली. त्यामुळे हा परिणाम केवळ उष्ण कटिबंधापुरता मर्यादित नाही, हेही सिद्ध झाले. हे निष्कर्ष रामदास यांच्या हयातीतच प्रसिद्ध झाले.

कारणमीमांसा

रामदास स्तर खरा आहे हे मान्य झाले, तरी तो का तयार होतो याचे समाधानकारक उत्तर रामदास यांच्या निधनापर्यंत मिळाले नव्हते. बंगळुरूचे शास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांनी इ.स. १९९१ मध्ये या प्रश्नाचा सिद्धांत मांडला. ए.एस. वासुदेव मूर्ती, जे. श्रीनिवासन व नरसिंह यांचा सविस्तर निबंध इ.स. १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मते दोन गोष्टी निर्णायक होत्या. एक म्हणजे जमिनीची उत्सर्जकता, जी परिपूर्ण उत्सर्जकापेक्षा किंचित कमी असते. दुसरी म्हणजे रात्री जमीन थंड होण्याचा वेग, जो मातीच्या उष्णतावहनावर व उष्णता साठवण्याच्या क्षमतेवर अवलंबून असतो. माती आपली उष्णता टिकवून हळूहळू थंड होत असेल तर वरील हवेचा थर प्रारणाने तिच्याहून अधिक थंड होऊ शकतो. माती फारच झपाट्याने थंड झाली तर किमान तापमान पुन्हा पृष्ठभागावर येते.

पुढे बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील के.आर. श्रीनिवास व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षेत्रीय निरीक्षणे व प्रयोगशाळेतील प्रयोग यांच्या आधारे या सिद्धांताची फेरतपासणी केली. जमिनीलगतच्या हवेत तरंगणारे सूक्ष्म कण आकाशाकडे उष्णता टाकून हवेला अतिशय वेगाने थंड करतात, असे प्रतिपादन त्यांनी इ.स. २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात केले. पुण्यातील मोजमापांतून उभा राहिलेला हा प्रश्न ऐंशी वर्षांनंतरही संशोधनाचा विषय राहिला.

तुहिन व शेती

रामदास यांचा शोध शेतीच्या दृष्टीने दोन गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे स्टीव्हन्सन पेटीतील तापमान शून्याच्या वर असले तरी पिकाच्या उंचीवर ते शून्याखाली असू शकते. दुसरी म्हणजे उघड्या जमिनीवरील सर्वांत घातक थंडी रोपाच्या बुंध्याशी नसून त्याच्या मधल्या किंवा वरच्या भागाशी असू शकते. मातीत किंवा मातीवर ठेवलेल्या तापमापकाला या थंडीची चाहूल लागत नाही.

नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात हिवाळ्यात पारा बराच खाली उतरतो आणि द्राक्षबागा धोक्यात येतात. तेथील शेतकरी थंडीच्या लाटेत बागांना रात्री किंवा पहाटे पाणी देतात आणि शेकोट्या पेटवून धूर करतात. पाणी दिल्याने मातीतील हवेच्या पोकळ्या भरतात, तिचे उष्णतावहन सुधारते आणि खालची ऊब वर येऊ लागते. पाणी गोठू लागलेच तर दर ग्रॅममागे सुमारे ३३४ ज्यूल उष्णता बाहेर पडते आणि तापमानाची घसरण रोखली जाते. थंडीच्या तोंडावर बागेत केलेली नांगरट व कोरडी भुसभुशीत जमीन याच कारणामुळे अपायकारक ठरू शकते.

महाबळेश्वर व शिवथर

एकाच रात्री जवळजवळच्या दोन ठिकाणी निकाल किती वेगळा असू शकतो, याचे उदाहरण सह्याद्रीच्या एकाच भागात पाहायला मिळते. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तेथे काही हिवाळ्यांत वेण्णा तलाव व लिंगमळा परिसरात पहाटे हिमकण दिसतात. गवत, झाडांची पाने, स्ट्रॉबेरीची रोपे, तलावाकाठचा धक्का आणि मोटारींचे टप यांवर ते जमतात. त्या वेळी गावातील वेधशाळेचा पारा मात्र शून्याच्या कितीतरी वर असतो. सखल भागात साचणारी थंड हवा, निरभ्र आकाश आणि मातीच्या उबेपासून तुटलेले पृष्ठभाग या तिन्हींचा हा एकत्रित परिणाम असतो. मोटारीच्या टपाला किंवा गवताच्या पात्याला जमिनीतून उष्णता मिळत नाही, म्हणून ते आधी गोठतात.

याच पर्वतरांगेच्या पश्चिम पायथ्याशी पोलादपूर व महाड हे तालुके आहेत. महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री नदी या दोन्ही तालुक्यांतून वाहते. कसबे शिवथर, आंबे शिवथर व कुंभे शिवथर ही गावे वरंध घाटाच्या बाजूच्या खोऱ्यात, महाबळेश्वरपेक्षा हजार मीटरांहून अधिक खाली आहेत. केवळ उंचीतील या फरकामुळे हवेच्या तापमानात सहा ते सात अंशांचा फरक पडू शकतो. शिवाय कोकणातील हवेत बाष्प अधिक असते. ते जमिनीची उष्णता काही प्रमाणात परत पाठवते आणि दव पडताना आपली सुप्त उष्णताही सोडते. भातकापणीनंतर खाचरांच्या भारी मातीत काही काळ ओलावा टिकून राहतो. याच ओलाव्यावर रायगड जिल्ह्यात वालाचे पीक घेतले जाते. ओल्या मातीची साठवलेली ऊब, दमट हवा आणि कमी उंची यांमुळे येथे दव भरपूर पडते, परंतु ते गोठत नाही.

इतर कार्य

रामदास यांचे संशोधन रात्रीच्या गारठ्यापुरते मर्यादित नव्हते. पी. जगन्नाथन व गोपाल राव यांच्यासह त्यांनी इ.स. १९५४ मध्ये भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी पाऊस स्थिरावण्याच्या तारखेचा अंदाज वर्तवण्याची पद्धत मांडली. कोकणातील भातशेतीच्या दृष्टीने ही तारीख अत्यंत महत्त्वाची असते. मलिक यांच्यासह त्यांनी अवर्षणाची आठवड्यावर आधारित व्याख्या केली. एखाद्या आठवड्यात सरासरीच्या निम्मा किंवा त्याहून कमी पाऊस पडल्यास तो अवर्षणाचा आठवडा धरावा, असे त्यांनी सुचवले. वार्षिक एकूण पावसापेक्षा तो कोणत्या आठवड्यात पडला याला पिकांच्या दृष्टीने अधिक महत्त्व असते, हा विचार या व्याख्येमागे होता.

इ.स. १९४५ मध्ये भारतीय हवामानशास्त्र विभागाने शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता सुरू केली. ती आकाशवाणीवरून प्रसारित होत असे. हवामान विभागातील सेवेनंतर रामदास यांनी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काम केले. भारतातील पिके व हवामान यांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने इ.स. १९६० मध्ये प्रसिद्ध केला.

सन्मान व वारसा

भारत सरकारने इ.स. १९५८ मध्ये रामदास यांना पद्मश्री किताब देऊन गौरवले. इ.स. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले.

कृषी हवामानशास्त्राचा विभाग आजही पुण्यात कार्यरत आहे. देशातील कृषी विद्यापीठांच्या सहकार्याने शेतकऱ्यांना हवामानावर आधारित सल्ला दिला जातो. कोकणासाठी हे काम दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठामार्फत चालते. पाणी कधी द्यावे, आच्छादन कधी करावे आणि थंडीपासून रोपे कशी वाचवावीत यांविषयीच्या सूचनांमागे माती व तिच्यालगतची हवा यांच्या परस्परसंबंधाचे ज्ञान असते. भारतात या ज्ञानाची पद्धतशीर पायाभरणी रामदास व त्यांच्या पुण्यातील सहकाऱ्यांनी केली. रामदास स्तर ही संज्ञा सूक्ष्महवामानशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय वाङ्मयात त्यांच्या नावानेच रूढ आहे.